मागच्या चाकावरचा आवाज

दादाची जीप घाटकोपरहून मुलुंडला आणली त्या दिवशी हायवेवर विक्रोळी ओलांडली आणि स्टेअरिंग असं थरथरायला लागलं, की माझ्या कोपरापर्यंत मुंग्या आल्या. वेग कमी केला की थरथर थांबायची, आणि ती थांबली की मागून दुसरंच काहीतरी खडखडायचं. खट. आणि त्याच्या पाठोपाठ, जरा आतून, टक. ऑक्टोबरचं ऊन, पाठीला चिकटलेला शर्ट, शेजारून हॉर्न मारत जाणारे टेम्पोवाले. मी मोठ्याने म्हटलं, "दादा, काय करून ठेवलंस रे हे?" उत्तर द्यायला दादा नव्हता. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गिरणीत, आई घरी, आणि आम्ही दोघं. दादा कांजूरमार्गला एका कारखान्यात फिटर होता आणि हातात पाना असल्याशिवाय त्याला सुचायचं नाही. ही जीप त्याने जुनीच घेतली होती, मुद्दाम फोर बाय फोर, चारही चाकांना जोर लागणारी. आमचं गावातलं घर टेकाडावर. पावसाळ्यात त्या लाल मातीच्या चढावर साध्या गाड्या नुसत्या चाकं फिरवत बसतात. दादा खाली थांबायचा, तो छोटा दांडा मागे ओढायचा आणि शिटी वाजवत वर जायचा. गणपतीला जीप, शिमग्याला जीप. आजारी पडल्यावर परळच्या हॉस्पिटलातसुद्धा तो त्याच जीपने जायचा, आणि बरेच महिने स्वतः चालवत.

आता खरी गोष्ट सांगतो, म्हणजे मी त्या गाडीमागे एवढा का लागलो होतो ते कळेल. दादाचं वर्षश्राद्ध गावी करायचं होतं आणि वहिनी यायला तयार नव्हती. "तुम्ही करा काय ते. मी येवची नाय," म्हणाली. मी खूप विनवलं, माझ्या बायकोने विनवलं. शेवटी वैतागून ती म्हणाली, "आणि त्या खडखड्यात तर मी पायच ठेवणार नाही. परवा चालू करून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलास तेव्हा ऐकलं मी. दारात उभा आहे वर्षभर, तो आधी हलव. नाहीतर भंगारवाल्याला देते." मी तेवढाच धागा पकडला. म्हटलं, "वहिनी, आवाज काढून दाखवला तर बसशील?" ती म्हणाली, "बघू." वहिनीचं 'बघू' म्हणजे निम्मं हो असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ती आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो.

ती रागावलेली होती आणि तिचा राग गाडीवर नव्हता. दादावर होता. शेवटी शेवटी डॉक्टर म्हणत होते, अजून एक औषध आहे, करून बघू. दादाने हात हलवला. "बस झालं. आता सुया नकोत," म्हणाला, आणि वर हसला. त्यानंतर त्याला घरी आणलं, आणि थोड्याच दिवसांत तो गेला. वहिनीच्या डोक्यात ते हसणं बसलं होतं. "मी तिकडे बाकड्यावर झोपून दिवस काढले, सगळ्या देवांना साकडं घातलं, आणि हा बाबा हसत म्हणतो बस झालं," असं ती येईल त्याला सांगायची. "इतकी घाई होती जायची? माझा विचार नाही आला?" आम्ही खाली मान घालून चहा प्यायचो.

तर आवाज काढायचा. मला वाटलं होतं, रविवारचं काम आहे.

आमच्या इथे मुलुंडला स्टेशनच्या अलीकडे एक गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे फुटपाथची एक कड, पत्र्याची शेड आणि एक जाडजूड, सदा कावलेला मेकॅनिक. त्याने जीप एक चक्कर मारून आणली, उतरला आणि म्हणाला, "साहेब, ही गाडी नाही, वरातीतला बँड आहे. विकून टाका ना."

"विकायची असती तर तुझ्याकडे कशाला आणली असती?"

"तेही खरं," म्हणाला आणि थरथरीपासून सुरुवात केली. चाकं बॅलन्सिंगला पाठवली. रिमवर शिशाचे छोटे तुकडे ठोकून आली. मी खुशीत हायवेवर गेलो. भांडुपच्या पुलावर पुन्हा तेच. उलट आता आरशातली माणसंसुद्धा थरथरत होती. परत आलो. मग अलाइनमेंट. मग पुढच्या चाकांच्या बेअरिंग. मग स्टेअरिंगचे जॉइंट. प्रत्येक वेळी तो "आता झकास" म्हणायचा आणि प्रत्येक वेळी मी कोपरात मुंग्या घेऊन परत यायचो. ऑफिसमधून सुटायचं, गॅरेजला जायचं, उभं राहायचं, गुडघे दुखायचे, त्याच्या फळकुटावर बसायचं, ग्रीस लागलेल्या पँटने घरी यायचं. माझंही रिटायरमेंटचं वय जवळ आलंय. या वयात माणूस संध्याकाळी पाय वर करून पडतो. मी जीपच्या पोटाखाली बॅटरी धरून वाकत होतो.

बायको म्हणायची, "आता जेवढा गॅरेजला जातोस, तेवढा भाऊ आजारी होता तेव्हा हॉस्पिटलात गेलास का?" मग ती बोलून गेली ते तिलाही लागायचं. आम्ही दोघंही गेलो होतो हॉस्पिटलात. पाळ्या लावून गेलो होतो. घाटकोपरहून वहिनी, मुलुंडहून आम्ही, डबे, रिपोर्ट, रक्त, पुन्हा डबे. त्या वर्षाचा शीण अजून अंगातून गेलेला नाही. कधीकधी सकाळी उठताना वाटतं, आज कुणाची पाळी?

शेवटी एक युक्ती मलाच आठवली, आणि तीही दादाचीच. तो म्हणायचा, "थरथर कुठून येते ते विचारत बसू नको. टायर पुढचे मागे घाल, मागचे पुढे. थरथर हातातून बुडाखाली गेली तर टायर चोर. हातातच राहिली तर पुढचं काहीतरी." मेकॅनिकला सांगितलं. तो म्हणाला, "करू या की, तुमची हौस." पुढची दोन्ही चाकं मागे गेली. हायवेवर स्टेअरिंग एकदम शांत, आणि सीट मात्र अशी थरथरली, की शेजारी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी नाचायला लागलं. मी एकटाच गाडीत ओरडलो, "टायर! च्यायला, टायर!"

चाक काढून फिरवलं तेव्हा दिसलं. एका बाजूने टायर चपटा बसला होता आणि आतल्या अंगाला फुगवटा आला होता. मशीनवर वजन बरोबर दाखवत होतं, पण टायर गोलच राहिला नव्हता. घाटकोपरच्या गल्लीत, वहिनीच्या बिल्डिंगखाली, जीप वर्षभर एकाच जागी उभी होती. उन्हात, पावसात, हलली नाही. सगळं ओझं टायरच्या तेवढ्याच भागावर. मेकॅनिक म्हणाला, "गाडीला उभं राहण्याचा त्रास चालण्यापेक्षा जास्त होतो." मी मान डोलावली. मला वहिनीची आठवण झाली, तीही वर्षभर त्या घरातून जवळजवळ हलली नव्हती. टायर नवीन घातले आणि थरथर गेली ती गेलीच.

राहिला आवाज.

थरथर होती तोवर तो तिच्यात लपत होता. आता नागडा ऐकू यायला लागला. खट, टक. स्पीडब्रेकरवर हमखास. डावीकडे वळलो की हमखास. उजवीकडे वळताना नाही. सरळ चांगल्या रस्त्यावर नाही, पण मुलुंडमध्ये सरळ चांगला रस्ता मिळायला मेट्रोवाल्यांनी आधी आपले पत्रे उचलायला हवेत. मेकॅनिक मागे बसून ऐकायचा आणि डोकं खाजवायचा. "दोन आवाज आहेत साहेब. एक मोठा, त्याच्या पोटात एक लहान."

मग मागच्या स्प्रिंगचे पाटे खोलले, त्यांचे बुश बदलले. खट, टक. शॉकअप बदलले. खट, टक. सायलेन्सरला नवीन पट्टी मारली, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलला, स्टेपनी काढून घरी ठेवली, जॅक काढला, पान्यांची पेटी काढली. आवाज जसाच्या तसा. शेवटी मेकॅनिकने हात टेकले. "साहेब, खाली जे जे हलतं ते सगळं मी बघितलं. आता भूत असेल तर माहीत नाही."

माझं डोकं उठलं होतं ते आणखी एका कारणाने. दादाच्या गाडीत आवाज, हेच मुळात पटत नव्हतं. त्याला गाडीतला आवाज खपायचा नाही. इंजिन बोलू दे, बाकी कुणी बोलायचं नाही, असा त्याचा नियम. सायकलच्या जुन्या ट्यूब तो जमवून ठेवायचा. त्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि जिथे म्हणून पत्र्याला पत्रा लागेल तिथे कोंबायच्या. खिडकीच्या काचेला ट्यूब, दाराला ट्यूब, पान्यांच्या पेटीला ट्यूब. आणि वरून काळी टेप, एकावर एक, शेवटचं टोक नेहमी दुमडलेलं, म्हणजे पुढच्या वेळी सोडवताना नखाने शोधत बसायला नको. वहिनीने एकदा त्याच्या डब्याचं झाकण ढिलं झालं म्हणून तक्रार केली, तर त्याने डब्यालाही ट्यूब लावून दिली. अख्खा कारखाना हसला असेल. त्या माणसाची गाडी खडखडते आणि मला सापडत नाही, याचा मला खरोखर अपमान वाटत होता.

श्राद्ध पुढच्या आठवड्यावर आलं होतं. वहिनीला फोन केला तर तिने एवढंच विचारलं, "थांबला?" मी म्हटलं, थरथर गेली. ती म्हणाली, "मी आवाजाचं विचारलं." आणि फोन ठेवला.

त्या रविवारी सकाळी बायको म्हणाली, "चल, मी बसते मागे. तुम्ही सगळे खालून शोधताय. मी वरून ऐकते."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"रात्री स्वयंपाकघरात उंदीर कुठल्या डब्यामागे आहे ते मला कळतं ना? मग गाडी चालव."

कांजूरमार्गच्या बाजूला एक रस्ता आहे, डंपरवाल्यांनी त्याची पार वाट लावून ठेवली आहे. तिथे नेलं. ती मागच्या आडव्या बाकावर गुडघे टेकून, पदर खोचून, पत्र्याला कान लावून बसली. मी पहिल्या गिअरमध्ये खड्डा सोडत नव्हतो. "पुढे... पुढे... थांब... पुन्हा मागे घे." मागून येणारा रिक्षावाला आम्हाला बघून थांबला आणि त्याने विचारलं, "काय हरवलं का काकी?" ती म्हणाली, "हो, नवऱ्याची झोप." मग एका जागी तिने पत्र्यावर तळहात ठेवला आणि ओरडली, "इथे! हाताला लागलं बघ. इथे, चाकाच्या वर!"

उजव्या मागच्या चाकावर जी पत्र्याची कमान असते ना, तिच्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या मधे एक पोकळी असते. तिला आतून झाकण. झाकण कशाला कोण उघडेल? आत काही नसतंच. मेकॅनिकने खालून बघितलं होतं, खालून ती जागा दिसत नाही. मी टॉर्च मारला. झाकणाच्या स्क्रूवर गंज चढलेला, सगळ्यांवर, एक सोडून. तो एक वेगळा होता, चकचकीत, नंतर लावलेला. कुणीतरी हे झाकण उघडलं होतं आणि पडलेल्या स्क्रूच्या जागी नवीन लावला होता.

घरी येऊन उघडलं. हात घातला तर आधी रबराचा तुकडा हाती आला. सायकलची ट्यूब, उन्हाने कडक होऊन मोडलेली. मग दुसरा तुकडा. आणि मग एक जड, गोल काहीतरी. बाहेर काढलं.

नारळ होता.

शेंडीसकट, लाल फडक्यात बांधलेला. त्यावर ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या आणि त्यावर काळी टेप. हलला नाही पाहिजे अशी चारी बाजूंनी ट्यूब कोंबली होती, पण वर्षभराच्या उन्हाने रबर वाळलं, तुटलं आणि नारळ सुटा झाला. मी तो कानाशी हलवला. टक. आतलं खोबरं सुकून करवंटीपासून सुटलं होतं, गोटा झाला होता. मोठ्या आवाजाच्या पोटातला लहान आवाज तो.

बायको खाली बसली ती उठेचना. आम्हा कोकणातल्या माणसांना असा नारळ समजावून सांगावा लागत नाही. देवाकडे काही मागायचं असेल तर नारळ लाल फडक्यात बांधून बाजूला ठेवतात. मागितलेलं मिळालं, की तो गावी देवळात नेऊन फोडायचा. तोवर तो खायचा नाही, हलवायचा नाही, कुणाला सांगायचाही नाही.

"वहिनीने ठेवला असेल," बायको म्हणाली. मीही तेच म्हणालो. दुसरं कोण? दादा तर देवाधर्माच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. गावी देवळात गाऱ्हाणं घालतात, एकजण देवाला सगळं मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, "व्हय महाराजा." आम्ही सगळे आत हात जोडून उभे असायचो आणि हा बाहेर टायरमधली हवा बघत असायचा. जन्मात कधी "व्हय महाराजा" म्हणाला नाही. वहिनीने त्याच्या आजारात नवस बोलायला सुरुवात केली तेव्हा म्हणायचा, "देवाक विचार, माझो रिपोर्ट वाचता येता काय."

पण मी ती टेप बघत होतो. शेवटचं टोक दुमडलेलं होतं.

मी लगेच जीप काढली आणि घाटकोपरला गेलो. रस्ताभर मागून एकदाही खट झालं नाही. नारळ शेजारच्या सीटवर ठेवला होता.

वहिनी तांदूळ निवडत बसली होती. मी नारळ तिच्या समोर ठेवला. म्हटलं, "हा वाजत होता. मागच्या चाकावर, पत्र्याच्या आत. तू ठेवला होतास?"

"मी?" ती म्हणाली. "माझे सगळे देव्हाऱ्याखाली आहेत. तिथे अजून पडलेत, जाऊन बघ. मी कशाला गाडीच्या पत्र्यात..."

तिने ताट बाजूला सारलं. ट्यूबच्या तुकड्यावरून बोट फिरवलं. मग टेपचं ते दुमडलेलं टोक नखाने न शोधता पकडलं आणि हलकेच ओढलं. टेप सुटत गेली. लाल फडकं तिने ओळखलं, तिच्याच जुन्या साडीचा काठ होता. दादाने तो कधी फाडून घेतला, कधी बाजारातून नारळ आणला, कधी एकटाच जीपमध्ये बसून झाकण उघडलं, आम्हाला कुणालाच माहीत नाही. मला एवढंच दिसत होतं, की हॉस्पिटलातून आल्यावर "जरा गाडी बघून येतो" म्हणून तो खाली जायचा आणि आम्ही वर सुटकेचा श्वास सोडून पडायचो. आम्ही दमलेलो असायचो. त्याला ते दिसत असणार. दमला होता तो नाही, दमलो होतो आम्ही, आणि बस झालं म्हणाला तो.

वहिनीने नारळ दोन्ही हातात घेतला, कानाशी नेला आणि हलवला. टक.

"ह्येंका जगूचा होता रे," ती म्हणाली. "ह्येंका जगूचा होता."

आणि मग ती रडली. दादा गेला तेव्हा रडली नव्हती. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. घरात एवढी माणसं असून ती भांडी घासत राहिली होती. आता ती अशी रडली, की शेजारची बाई दार वाजवून विचारून गेली. मीही रडलो. लाज कसली त्यात? मला वाटतं, आम्ही दोघं वर्षभर ठेवून दिलेलं रडायचं काम त्या दुपारी करून टाकत होतो. मग तिने पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चहा ठेवते. कधी निघायचं?"

गावाला जाताना ती पुढे बसली, नारळ मांडीवर घेऊन. माझी बायको मागे, सामानात. महामार्गावर खड्डे होतेच, ते काही कुणाच्या श्राद्धासाठी बुजवत नाहीत. प्रत्येक खड्ड्याला वहिनीच्या मांडीवर टक व्हायचं आणि ती वर तळहात दाबून धरायची. टेकाडाच्या खाली थांबून मी तो छोटा दांडा मागे ओढला. मला शिटी वाजवता येत नाही. गाडी वर चढली.

श्राद्ध झालं, आणि दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, देवळात जायचंय. भावकीतली दहा-पंधरा माणसं बरोबर आली. मी या खेपेला बाहेर गाडीपाशी थांबावं की आत जावं, मला कळेना. वहिनीने हाताला धरून आत नेलं. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याने नारळ हातात घेतला, हलवला आणि तोंड वाकडं केलं.

"गो, हो गोटो झालो. ह्येच्यात पाणी खय आसा? देवाक असो चलना नाय. दुसरो आण."

"ह्योच," वहिनी म्हणाली.

"बरा. पण मागणा काय होता? पुरा झाला काय? काय म्हणून सांगू देवाक?"

वहिनीने पदर सावरला. तिचा आवाज चढला नाही, पण अगदी मागच्या माणसाला ऐकू गेला. "सांग तेका," ती म्हणाली, "हो नारळ माझ्या घोवाचो आसा. तेणी कधी काय मागूक नाय. एकदाच मागल्यान. तुका ऐकाक येवक नाय."

म्हाताऱ्याने देवाकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. असं गाऱ्हाणं त्याने जन्मात घातलं नसेल. मग त्याने नारळ वर धरला आणि तिचंच वाक्य, जसंच्या तसं, देवाला मोठ्याने सांगितलं.

कुणाच्याच तोंडून आवाज फुटेना. सगळे खाली बघत होते. मी वहिनीच्या शेजारी उभा होतो, थकलेला, गुडघे दुखत होते, डोळ्यांपुढे दादा बाहेर टायरची हवा बघत असलेला. त्याच्या वाटचं कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "व्हय महाराजा."